कॉलेजला पाठ न दाखवणारा थोर विद्यार्थी

आता तुमच्यापासून काय लपवू राजेहो, आमच्या कॉलेजातली एक अख्खी परंपरा माझ्या गाढवपणातून निघाली आहे!

बी.कॉम.चा शेवटचा दिवस. ग्रुप फोटोसाठी मी सगळ्यांच्या पुढे उकिडवा बसलो आणि चर्रर्र! पँट मागून उसवली ती थेट पट्ट्यापर्यंत. माझ्या मागे पायऱ्यांवर सारा वर्ग. पोरीसुद्धा! सांगा, काय करणार?

फोटो झाला तसा मी बसल्या बसल्याच गर्रकन वळलो, तोंड वर्गाकडे केलं आणि उठून उलट्या पावली गेटकडे निघालो.

"काहून बे, उलटा काहून चालून राहिला?" माझा दोस्त दिलीप ओरडला.

तोंडातून निघून गेलं, "ज्या कॉलेजनं घडवलं, त्याले पाठ कशी दाखवू गा?"

झालं! दिलीपचे डोळे भरले. पोरी हुंदके देऊ लागल्या. पाच मिनिटांत साठ जणं उलटे चालत गेटबाहेर! खरं काय ते फक्त फोटोवाल्यानं पाहिलं होतं. तो पोट धरून खाली बसला.

पुढच्या वर्षीच्या पोरांनी तेच केलं, त्याच्या पुढच्यांनीही. मी घरी अवाक्षर काढलं नाही.

यंदा माझ्या मुलीचा त्याच कॉलेजात निरोप समारंभ होता. पालकांनाही बोलावलं होतं. प्राचार्य माइकवर परंपरेचा इतिहास सांगू लागले. म्हणे, तो विद्यार्थी रोज पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या सावनेरहून पायी यायचा! म्हणे, दिव्याखाली अभ्यास करायचा! अहो, मी इथल्याच धरमपेठेतून स्कूटरवर यायचो, तेही कँटीनपुरता! पण ऐकायला गोड वाटत होतं. मी कॉलर नीट केली. आता स्टेजवर बोलावतील. भाषणाची पहिली ओळसुद्धा ठरवून टाकली.

"दुर्दैवानं," प्राचार्यांचा आवाज कापला, "तो थोर विद्यार्थी आज हयात नाही."

आँ? मी आहे न! तिसऱ्या रांगेत!

"आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

सारा हॉल उठला. मी तसाच बसलेला. मुलीनं कोपर मारलं, "बाबा, उठा न! गेलेल्या माणसाची जरा तर इज्जत ठेवा!"

उठलो. मान खाली घालून स्वतःच्याच शोकसभेत उभा राहिलो. डोळ्यांत पाणीच आलं हो!

शेजारचे काका हळूच म्हणाले, "भाऊ, जवळचा होता का तो?"

"लय जवळचा," मी म्हणालो. "पण इतका बावळट असेल, असं वाटलं नव्हतं."