चौदा नंबरची माणसं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला मानसशास्त्र होतं आणि ते शिकवणाऱ्या मॅडमना पुस्तकातलं सगळं अंगावर करून बघायची खोड होती. वर्गाच्या भिंतीवर माणसाच्या गरजांचा तक्ता होता. तळाला अन्न, पाणी, झोप, त्यावर सुरक्षितता, त्यावर माया आणि आपलेपणा, मग मान, आणि टोकावर स्वतःचा विकास, जिथे आमच्या वर्गातली एकही पोचली नव्हती. या पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून प्रत्येकीने एक दिवस वॉर्डात पेशंट होऊन राहायचं आणि कोणती गरज भागली ते वहीत लिहायचं. सोमवारी परीक्षक येणार होत्या. जिच्या वहीत हा अनुभव नसेल तिला परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि शनिवार उजाडला तरी माझी वही कोरी होती.

नापास होऊन मूलला, आमच्या गावी, परत जायची सोय नव्हती. घरी मला आधीच डॉक्टरीण करून टाकलं होतं. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलतात. मिलमधले सगळे त्यांच्या फोनवरून मला गोळ्यांची नावं विचारायचे. आई गुडघ्याचं सांगायची, काकू पित्ताचं. मी जेवले का, हे वर्षभरात एकाने विचारलं नव्हतं. डॉक्टरणीला कोण विचारतं? मी चिडायचे, पण गोळीचं नावही सांगायचे.

शनिवारी सकाळी मॅडमनी माझा रीतसर केसपेपर काढला. खाट नंबर चौदा, तक्रार पोटदुखी. माझा गणवेश आणि मोबाइल कपाटात ठेवला, रात्रपाळीच्या सिस्टरना सगळं समजावलं आणि किल्ली घेऊन मीटिंगला गेल्या. दहा मिनिटांत रात्रपाळीच्या सिस्टर घरी गेल्या. ज्या सिस्टर आल्या त्या आदल्या दिवशीच भद्रावतीकडून बदलून आलेल्या.

"मी पेशंट नाही, स्टुडंट आहे," मी त्यांना सांगितलं.

"अकरा नंबरची म्हणते मी तहसीलदार आहे," त्या म्हणाल्या. "पड गुपचूप."

उठून जावं, तर रजिस्टरला 'पेशंट पळाली' अशी नोंद होते. मग कसली वही आणि कसली परीक्षा. स्व-संकल्पना म्हणजे माणूस स्वतःला जे समजतो ते, अशी व्याख्या मी पाठ केली होती. आपण एकट्याने समजून काही उपयोग नसतो, हे पुस्तकात नव्हतं.

शेजारच्या पंधरा नंबरवर भामरागडकडची एक आजी होती, पाय प्लास्टरमध्ये. तिकडे पेशंट एकटा येत नाही, गाव त्याच्याबरोबर येतं. आजीबरोबर नऊ जण होते. त्यांची चूल दवाखान्याच्या कुंपणाजवळ कडुलिंबाखाली पेटलेली होती. पण वॉर्डाचा नियम एका पेशंटमागे एक माणूस, त्यामुळे आठ जण रोज फाटकावर गार्डशी भांडत.

आजीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"काऊन वो पोरी, तुले कोनी नाई का?"

"नाही, आजी. मी खरी पेशंट नाही."

"माणूस नाई तं बरी कशी होशील?" असं म्हणून तिने सुनेला हाक मारली आणि दोघी गोंडीत काहीतरी बोलल्या. अर्ध्या तासात गार्डने फाटकावर "कोणाकडे?" विचारलं की "चौदा नंबर" असं उत्तर येऊ लागलं. पंधराची माणसं गार्डला पाठ होती, चौदाची त्याने अजून मोजली नव्हती. मी हरकत घ्यायच्या आत माझ्या खाटेवर चार माणसं बसली होती. सून माझे केस विंचरत होती. एक काका पायथ्याशी बसून विड्यांची पानं निवडत होते. त्यांची सोय झाली होती, हे मला कळत होतं. तरी सुनेचा हात मऊ होता, आणि मी डोकं बाजूला घेतलं नाही.

दहा वाजता डॉक्टर राउंडला आले. "हिचे नातेवाईक कोण?"

चौघेही उभे राहिले. मी बरी निघाले तर त्यांचं वॉर्डातलं बसणं गेलं, म्हणून त्यांनी मला चांगलंच आजारी केलं.

"लय दुखते, साहेब," सून म्हणाली. "काल रातभर कण्हून राह्यली होती."

"लहानपणापासूनच नाजूक आहे," काकांनी भर घातली.

मी तोंड उघडलं तेव्हा डॉक्टरांनी हात वर केला. इतकी सविस्तर माहिती देणारे नातेवाईक त्यांना म्हणे पहिल्यांदाच भेटले होते. त्यांनी कागदावर लिहिलं, तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये.

म्हणजे तक्त्यातली सगळ्यात खालची पायरीच काढून घेतली. दुपारी दोनला माझ्या पोटात खरोखर दुखायला लागलं. आजीने सिस्टरची पाठ वळलेली बघून चादरीखालून भात आणि अंबाडीची भाजी सरकवली. शिकलेली पोरगी, नियम माहीत असलेली, म्हणून मी दोनदा नको म्हटलं.

"डाक्टर सांगते तं सांगू दे. जेव," आजी म्हणाली.

मी जेवले. जेवताना रडले, आणि स्वतःचा भयंकर राग आला.

पाचला मॅडम आल्या, कपाळावर हात मारला आणि डिस्चार्ज मागितला. क्लार्कने कागद पुढे केला: नातेवाइकाची सही. मॅडम म्हणाल्या, मी शिक्षिका आहे. क्लार्क म्हणाला, शिक्षिकेचा रकाना नाही. मग मॅडमच्या फोनवरून बाबांना लावला. माझा आवाज ऐकताच, मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "मुकादमाचा खोकला जाऊन नाई राह्यला, काय देऊ?"

"गरम पाणी द्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

"इकडं आण तो कागद," पंधरा नंबरवरून आवाज आला. क्लार्क शाईचं पॅड घेऊन गेला. आजीने अंगठा दाबला.

"नातं काय लिहू?"

"सकाळपासून तिची माणसं आमीच न," आजी म्हणाली. क्लार्कने खांदे उडवले आणि 'आजी' लिहिलं.

वहीत तिसऱ्या पायरीपुढे मी 'भागली' लिहिलं. परीक्षकांनी लाल पेनाने 'पुरावा?' विचारलं. मी डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स दाखवली आणि पास झाले.

मंगळवारी त्याच वॉर्डात माझी ड्युटी लागली. टोपी, मास्क, पांढरा गणवेश. आजीचा ताप बघायला गेले तर ती अंग चोरून सरळ झाली, हात जोडले आणि मला सिस्टरबाई म्हणाली. थर्मामीटर लावताना तिने हळूच विचारलं,

"बाई, या बाजूच्या खाटेवर एक पोरगी होती. तिले कोनी नव्हतं. बरी झाली का ती?"

मला मास्क काढता आला असता.

"बरी झाली, आजी."

"जेवते का?"

"जेवते," मी म्हटलं, आणि ताप लिहून घ्यायचा विसरले.