सुक्याला ओलं लागतं

आमच्या शेजारच्या चाचांएवढं पाचोळ्यावर जीव टाकणारा दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात कुणी दाखवला, तर मी माझी गाडी त्याला फुकट देऊन टाकीन. अर्थात या गाडीकडं आता कुणी फुकटातही बघणार नाही, पण ते पुढं सांगतो. पडेगावला राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी मी अंगणातला पाला गोळा केला, वर्तमानपत्राचा बोळा खाली सारला आणि काडी ओढली. धूर निघतोय न निघतोय तोच कुंपणावरून बादलीभर पाणी आलं. निम्मं ढिगावर, निम्मं माझ्यावर. मागून एक पांढरी दाढी वर आली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "माफ करना साहेब, पण कायकू जलारे? झाडानं वर्षभर हवेतून ओढून ओढून जमा केलंय ते. तुम्ही दोन मिनटात परत हवेत सोडता?" मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ही आमची ओळख.

चाचांची सगळी नोकरी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसं तपासायला घेतली. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, कार्बन आणि नायट्रोजन. कार्बन म्हणजे सुकं: पाचोळा, तुराट्या, भुसा. नायट्रोजन म्हणजे ओलं: भाजीची देठं, शेण, चहाचा चोथा. नुसतं सुकं रचलं तर ढीग वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, नुसतं ओलं टाकलं तर गल्लीभर वास. दोन्हींचा मेळ बसला की खत होतं. एकदा हर्सूलला पुतण्याच्या वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला गेले, तर बिर्याणीच्या कांद्याची सालं दोन पोती भरून स्कूटरवर घेऊन आले. एक पोतं पुढं पायाशी, दुसरं मागं बसलेल्या चाचींच्या मांडीवर, तेही जरीच्या शालीवर. चाची घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर जे बोलल्या ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

मी त्यांच्या मते नुसता नायट्रोजन. "साहेब, बुरा मत मानो, पण तुम्ही लगेच तापता. आन् मग वास बी येतो." स्वतःचा संसार ते असाच समजावून सांगायचे: "मैं सुका, ये ओली. इसलिए ढेर पक रहा इतने साल." त्यावर आतून चाचींचा आवाज यायचा, "हौ, आन् ढीग पलटायचं काम कुनाचं? माझंच ना?" ढीग मधूनमधून खालीवर करावा लागतो, त्याशिवाय तो पिकत नाही. चाची चाचांशी दिवसातून दोनदा कडाकडा भांडायच्या आणि भांडण झाल्यावर चाचा भलतेच ताजेतवाने दिसायचे.

त्या वासाच्या बोलण्यानं माझं डोकं इतकं फिरलं की मी मुकुंदवाडीच्या वखारीतून भुशाचं पोतं आणलं आणि माझ्या गुलाबांच्या बुडाशी रिकामं केलं. घ्या म्हटलं, झालो कार्बन! पंधरवड्यात गुलाब कावीळ झाल्यासारखे पिवळे पडले. मी तरातरा कुंपणापाशी गेलो आणि माझ्या झाडांना काय घातलंत म्हणून विचारलं. चाचा आले, उकिडवे बसले, माती चिमटीत चोळली आणि हसायला लागले. "साहेब, मातीतले जंतू तुमचा भुसा खायला बसले. त्याच्याबरोबर तोंडी लावायला त्यांना नायट्रोजन लागतं. ते त्यांनी गुलाबाच्या ताटातलं उचललं." मग त्यांनी स्वतः भुसा काढला, शेळीच्या लेंड्या घातल्या आणि गुलाब सुधारले. मी आभार मानले नाहीत. आपला स्वभावच तसा, काय करणार.

पण चाचांचा खरा जीव अडकला होता तो पिशव्यांत. लोक सोनंनाणं पुरून ठेवतात, यांनी पाला पुरला होता. चाचींनी जुन्या मच्छरदाणीच्या वीतभर पिशव्या शिवल्या, अंगणातल्या सीताफळाचा वाळका पाला तोलून भरला, तोंडं टाचली. मग दोघांनी त्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत कडुलिंबाखाली पुरल्या. प्रत्येक जागेवर खूण म्हणून एक लोखंडी खिळा आणि त्यात चाचींची एक जुनी काचेची बांगडी. दरवर्षी ठरल्या दिवशी एक पिशवी उकरायची, कपड्यांच्या दोरीवर चिमट्यानं लावून वाळवायची आणि मातीनं यंदा किती खाल्लं ते सोनाराच्या जुन्या काट्यावर तोलायचं. पाहुण्यांना वाटायचं, या घरात पाला धुऊन वाळत घालतात.

दोन वर्षांपूर्वी चाची गेल्या. तेव्हा जमिनीत एकच पिशवी उरली होती. ठरलेला दिवस आला आणि गेला, चाचांनी काही ती उकरली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "रहने दो साहेब, अभी कच्चा होगा." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कॉलनीचा सेक्रेटरी, आणि त्यात नवीन गाडी घेतलेली. चाचा लेकीकडं जालन्याला गेले असताना मी गाड्या लावायला कडुलिंबाखाली पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव पास करून घेतला. टायर पंक्चर होतील म्हणून तिथला खिळा मीच उपटला आणि बांगडीसकट कचऱ्यात टाकला. वर बायकोला सांगितलं, कसं लख्ख केलं बघ.

ब्लॉकचा ट्रॅक्टर आला त्याच सकाळी चाचा परतले. कडुलिंबाखाली खिळा दिसेना. जमिनीवर बसून दोन्ही हातांनी माती चाचपायला लागले. मी विचारलं, "चाचा, काय शोधताय?" तर म्हणाले, "आखरी थैली. तिच्या हातची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ट्रॅक्टरवाल्यावर असा ओरडलो की त्यानं घाबरून इंजिनच बंद केलं. घरातून दोन खुरपी आणली आणि आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून दुपारपर्यंत वीत वीत जमीन उकरत राहिलो. अखेर माझ्या खुरप्याला जाळी अडकली.

चाचींचे टाके जसेच्या तसे होते. आत पाला नव्हता. चिमूटभर काळी माती, आणि जाळीच्या भोकांतून आत शिरलेली कडुलिंबाची केसासारखी मुळं. मी म्हटलं, "काटा आणू का?" चाचांनी नकारार्थी मान हलवली. वर झाडाकडं बघत म्हणाले, "गयी नै साहेब. ऊपर चढ गयी." आणि मग, पिशवी झब्ब्याच्या खिशात ठेवत, "अब इधर खाली सुका रह गया. पडा हूँ." मी रडलो, लपवून काय करायचंय.

कडुलिंबाखालची माती आम्ही मोकळीच ठेवली. गाडी तिथंच कडेला उभी असते आणि झाडावरच्या साळुंक्या तिला रोज रंगवतात. चाचा सकाळी येऊन तो ऐवज खुरप्यानं खरवडून नेतात, "फुकट का नायट्रोजन" म्हणत. रंगाचे पार पोपडे निघालेत.

आणि मी रोज साडेसातला चहाचा चोथा घेऊन चाचांकडं जातो आणि भांडतो. पाला बारीक करून टाकावा की अख्खा, ढिगावर पाणी किती शिंपडावं, कसल्याही फालतू गोष्टीवरून. पंधरा मिनिटांत चाचांचा चेहरा तापतो, आवाज चढतो, मग मी घरी येतो. काल आळस केला, नाही गेलो. अंगणात पेपर वाचत बसलो होतो तेवढ्यात कुंपणावरून बादलीभर पाणी आलं, सगळंच्या सगळं माझ्यावर. मागून पांढरी दाढी वर आली. "साहेब, आज ढेर पलटायला कोन येनार?"

मी ओल्या अंगानंच चोथ्याचं भांडं उचललं आणि निघालो.