सातव्या रॅकचा रोग

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये मेकॅनिक होतो. आमच्या सातव्या रॅकला असा रोग जडला होता की अर्धं गिरगाव अख्ख्या लालबागच्या घरात शिरत होतं. बोलता बोलता फोनचा हुक जरा हलला की रॅकला वाटे, बोलणं संपलं. लाइन जोडणारा यंत्रातला हात रॅक 'मोकळा' म्हणून जाहीर करी. हात मात्र तिथेच चिकटलेला. पुढचा जो फोन उचली, तो थेट आधीच्यांच्या बोलण्यात. एका मुलीचं लग्न ठरत असताना असल्याच एका तिऱ्हाइताने मुलाला दमा असल्याचं सांगून टाकलं. मुलगा त्याच्या ओळखीचा नव्हता, नुसता खोकला ऐकला होता.

आम्ही हसायचो. मग कळलं, चळवळीच्या कचेरीचा फोनही याच रॅकवर, आणि त्याचा हुक लुळा. माझी थोरली बहीण, ताई, सत्याग्रहींच्या जथ्यात होती. जथा कुठूनही निघो, पोलीस आधीच तिथे बिडी फुंकत उभे. दुसऱ्यांदा ती मनगट मोडून घेऊन आली. इकडे साध्या वेषातले एक गृहस्थ रोज आमच्या साहेबांच्या फोनला कान लावून बसत; तो फोनही सातव्यावरच. रीतसर ऐकायला सरकारी हुकूम लागतो. बिघाडाला कसला हुकूम?

मी दुरुस्तीची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "सातव्याला हात लावायचा नाही. चाललंय ते चालू दे."

"म्हणजे फॉल्ट जपायचा, साहेब? तसं लिहून द्या. फ्रेम करून रॅकवरच लावतो."

साहेबांनी दौतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते जेवायला गेले.

ताईचा जथा कुठून निघणार, हा निरोप त्याच संध्याकाळी फोनवरून जायचा होता. साहेबांचा दहीभात होईपर्यंत मी कामाला लागलो. वीतभर तार, दोन डाख. हात जागेवर परतल्याशिवाय 'मोकळा' हा इशारा सुटणारच नाही, अशी वाट बांधली. काय केलं ते फॉल्ट बुकात लिहून खाली सही ठोकली, चर्चगेटहून वाचता येईल एवढी.

संध्याकाळी गृहस्थांनी एक कान लावला. डायल टोन. दुसरा लावला. तोच डायल टोन.

दुसऱ्या दिवशी ताई परळभर घोषणा देत फिरली. पोलीस नुसत्या अंदाजावर दादरला ताटकळले. घसा पार बसवून ती घरी आली, प्लास्टर शाबूत. माझ्या हातात मेमो होता. तो वाचून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नोकरी जाईल रे तुझी."

"जाईल तेव्हा जाईल. बाकीच्या अकरा रॅकांची वायरिंगही तसलीच आहे, ताई. ते उद्या घेतो."