हणमंत आणि लातूरची धूळ

पहिल्या भेटीतच हणमंत मला ठार मारणार होता. कॉलेजच्या गच्चीवर मी फोनला रेंज शोधत होतो, तोच टाकीमागून लोखंडी पाइप घेऊन तो असा धावून आला, की मला माझे तेरावे, त्यातली पंगत आणि वाढपीसुद्धा स्पष्ट दिसले.

"सावली काढा, सर," तो म्हणाला. ती त्याच्या यंत्रावर पडली होती.

हे यंत्र दिवसभर सूर्याकडे बघून, ऊन किती अडते त्यावरून हवेतली धूळ आणि धूर मोजते. एक लातूरला, एक नांदेडला. दोन्हींच्या दहा वर्षांच्या नोंदी जोडून इकडची हवा कशी बदलली, हे नांदेडच्या नाझनीन मॅडम काढणार होत्या. त्या नोंदींसाठी आमचा हा शिपाई जीव द्यायला तयार होता, अर्थात दुसऱ्याचा. यंत्राजवळ पतंग उडवणाऱ्या एकाचे दोन दात त्याने आधीच पाडले होते.

पण दर दसऱ्यानंतर लातूरची धूळ एकदम चढे आणि पावसाळ्यात उतरे. नांदेडला तसे होत नसे. "कारण सापडलं नाही तर लातूर वगळावं लागेल," मॅडमनी फोनवर सांगितले.

मी ते हणमंतला सांगितले आणि त्याला कारण तिथल्या तिथे सापडले. कॉलेजमागे बजरंगची वीटभट्टी दसऱ्यानंतरच पेटे.

"भट्टी विझव."

"हवा मोजून राहिला म्हणं. आधी डोकं मोजून घे," बजरंग म्हणाला.

हणमंतच्या पाइपच्या पहिल्या घावात बजरंगचे मनगट मोडले, दुसऱ्यात गुडघा. तो विटांवर पडला तरी पाइप थांबेना. मी मधे पडलो. माझा चष्मा आणि एक बरगडी गेली.

भट्टी बंद पडली तरी आकडा उतरेना, म्हणून मॅडमनी यंत्रच तपासायला मागवले; जामिनावर सुटताच हणमंत ते गोधडीत गुंडाळून नांदेडला गेला. चष्मा बदलून मीही. दोन्ही यंत्रे एका गच्चीवर शेजारी ठेवली. आकाश एकच, तरी लातूरचा आकडा जास्तच. मॅडम लातूरच्या यंत्रावर वाकल्या.

"हणमंतभाऊ, काचेवर हे काय आहे?"

"हळदीकुंकू. दसऱ्याला मशीन पूजतो की."

"मग पुसत नाही?"

"पूजेचं पुसतेत का? पावसानं जातंय."

"कोणत्या वर्षी किती लावलं, सांगता येईल?"

"मन भरंपर्यंत."

त्याने शर्टाने काच पुसली. आकडे जुळले. "झालं की बराबर."

"आजचं झालं. मागचं कसं पुसू?"

लातूर वगळले गेले. हणमंतला दोन वर्षांची सजा झाली. बजरंगच्या हातात पुन्हा पकड आली नाही.