एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या चल

सिडनीच्या अख्ख्या स्कोफिल्ड्समध्ये शिकारीचा कुत्रा घरच्या घरी तयार केलेला मराठी माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. म्हणजे कुत्रा सासऱ्यांनी तयार केला, मी चहा केला. तरी पण कुत्र्याच्या मायक्रोचिपवर नाव माझं आहे, तेवढं कोणी काढून घेऊ शकत नाही.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. फलटणकडचे. लाल गाडीवर कंडक्टर म्हणून जन्म काढला आणि रिटायर झाले, पण शिट्टी काही रिटायर झाली नाही. पितळेची, काळ्या दोरीत ओवलेली, कायम शर्टाच्या खिशात. आमच्याकडे आले नातीचं कौतुक करायला, थोड्या दिवसांसाठी, आणि कोविड आला, विमानं बंद झाली. मामा अडकले ते अडकलेच. मग घरात शिट्टीचं राज्य. जेवायला वाढलं की दोन शिट्ट्या. नात इरा टीव्हीला चिकटली की एक लांब. मी गॅरेजमधून गाडी मागे घ्यायला लागलो की हे मागे उभे राहून लागोपाठ बारीक बारीक शिट्ट्या मारणार, आणि गाडी लेटरबॉक्सला लागायच्या आत एक कडक. मी म्हणायचो, "मामा, गाडीला रिव्हर्स कॅमेरा आहे." तर म्हणायचे, "कॅमेऱ्याला जबाबदारी असती का?"

मला ते 'जावईबापू' म्हणायचे. अहो-जाहो करायचे. आणि त्यात इतका मान असायचा, इतका मान असायचा, की मला पक्कं कळायचं, हा माणूस आपल्याला काडीची किंमत देत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? माझी बायको सीमा आयटीवाली, तिच्या स्किल्ड व्हिसावर आम्ही आलो. मी म्हणजे तिच्याबरोबर आलेलं सामान. दहावीला मी एवढ्या वेळा बसलो की पेपर वाटणारे सर मला "काय, घरचे बरे आहेत ना?" विचारायचे. इथे वेअरहाऊसला फोर्कलिफ्ट चालवतो. पुढे चाललो की कोणी बघत नाही, रिव्हर्स घेतला की बीप बीप वाजतं, तेवढीच माझी शेडमध्ये ओळख.

आता कुत्रा कुठून आला ते सांगतो. आमचा सुपरवायझर डॅरेन. हा आणि त्याचे दोस्त दर एप्रिलला बॉर्डर ओलांडून व्हिक्टोरियात त्याच्या भावाच्या शेतावर लावे मारायला जातात. लावा म्हणजे मुठीएवढा पक्षी, कापलेल्या गव्हाच्या खुंटांत दडून बसतो. परत आले की महिनाभर स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, त्याच गप्पा. मी त्या टेबलावर इतकी वर्षं बसलो, हसायच्या ठिकाणी हसलो, पण "तू येतोस का" असं कोणी म्हणलं नाही. एक दिवस मीच ठोकून दिलं की आमच्या गावाला मी लहानपणापासून शिकार करतो. उंदीर धरले तर ते अगदीच खोटं नव्हतं. डॅरेनच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, जर्मन पॉइंटर जातीची. एक उरलं होतं, ते त्याने माझ्या हातात ठेवलं. "यू ट्रेन हिम, मेट, अँड यू आर कमिंग विथ अस."

मला कुत्रा नको होता. मला ते 'कमिंग विथ अस' पाहिजे होतं.

पिल्लू घरी आलं आणि सिडनीत दुसरा लॉकडाऊन लागला. चॉकलेटी रंग, अंगावर ठिपके, म्हणून इराने नाव ठेवलं बिस्किट. मी व्हिडिओ बघून बघून त्याला 'सिट, सिट' करत होतो. मामा व्हरांड्यातल्या खुर्चीतून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"जावईबापू, शिकारीचा कुत्रा बसत नसतो. उभा राहतो."

"तुम्हाला काय माहीत?"

तर मामांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी, शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी, त्यांच्या थोरल्या मामांकडे असलाच कुत्रा होता. कुत्री होती. रंगी. "बाजरीच्या रानात रंगी एकदा उभी राहिली की थोरले मामा निवांत भाकरी खाऊन घ्यायचे, हात धुवायचे, मग बंदूक उचलायचे. तोवर ती हलायची नाही." मी विचारलं, पुढे काय झालं तिचं. मामा म्हणाले, "गेली." आणि उठून दोरीवरचे कपडे काढायला लागले. आभाळ स्वच्छ होतं आणि कपडे ओले होते.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी कुत्रा ताब्यात घेतला. आमचं बॅकयार्ड केवढं? गवतावर सतरंजी टाकली तर गवत दिसायचं बंद. तेवढ्यात त्यांनी डेपो चालू केला. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन शिट्ट्या म्हणजे चल, गाडीत डबल बेल देतात तशी. एशियन बुचरकडून फ्रोझन लावे आणले, दोरीला बांधून गवतावरून ओढले, आणि कुंडीमागे लपवले. "नाकानं बघायचं शिकवायचं, डोळ्यानं नाही," म्हणायचे. मेलेल्या कबुतराचा पंख काठीला बांधून तो नाचवायचं काम माझ्याकडे. म्हणजे कुत्रा कुत्रा होता, मामा मास्तर होते, आणि मी पक्षी. वरून खिडकी उघडून सीमा ओरडायची, "बाबा, माझ्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतोय, इज देअर अ बस?"

आणि एक दिवस बिस्किट उभा राहिला. कुंडीजवळ गेला, आणि गपकन थांबला. पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ, नाक पुढे, सगळं अंग तारेसारखं. श्वास घेतोय का नाही तेही कळेना. मी टाळ्या वाजवणार, तर मामांनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "बगा." एवढंच. सासऱ्यांनी माझा हात धरायची ती पहिलीच वेळ. लग्नात धरला होता, पण तो फोटोग्राफरने सांगितलं म्हणून.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपण एका टीममध्ये आहोत. मामा, मी आणि कुत्रा. वाटायला काय, मला काहीही वाटतं.

मग बंदुकीचा सराव. लायसनची परीक्षा मी लॉकडाऊनच्या आधीच दिली होती, आणि चक्क पास झालो होतो, कारण उत्तराला टिकमार्क करायचा होता, हातात बंदूक धरून पळायचं नव्हतं. घरात बंदूक नाही, म्हणून झाडू. कुत्रा उभा राहणार, मी मागून येणार, इरा मोज्याचा गोळा उडवणार, तो पक्षी, आणि मी झाडू आभाळाकडे उचलून 'ठो' म्हणणार. मोजा डावीकडे उडाला. माझा झाडू उजवीकडून निघाला, बिस्किटच्या डोक्यावरून गेला, मामांच्या पोटावरून गेला, आणि मोजा खाली पडल्यावर मी ठो म्हणलं. "परत," मामा म्हणाले. परत तसंच. तिसऱ्यांदा मी घाई केली आणि सीमाच्या खिडकीला ठो केलं. ती म्हणाली, "थँक यू."

मामा म्हणाले, "हं." माझ्या हातातून झाडू काढून घेतला. "तुम्ही चहा टाका."

तिथून पुढे मी चहावर. घराच्या कडेला, भिंत आणि फेन्सच्या मधे, कचऱ्याचे डबे ठेवायची बोळ आहे. इतकी अरुंद की कुत्र्याला तिच्यात वळता येत नाही. मामा रोज संध्याकाळी बिस्किटला आणि झाडूला घेऊन त्या बोळीत जायचे. किचनमधून मला फक्त शिट्ट्या ऐकू यायच्या, लागोपाठ बारीक बारीक, मग एक कडक, मग "शाब्बास रे माझ्या पोरा." हे मला कधी म्हणले नाहीत. मी विचारलं, "काय शिकवताय?" म्हणाले, "शेवटचा धडा." म्हणलं, "बघू का?" म्हणाले, "कुत्र्याचं लक्ष जातं." मी डॅरेनला फोन करून सांगितलं की सासरे खानदानी विद्या उतरवून देतायत. तो म्हणाला, "लेजंड."

विमानं सुरू झाली आणि मामा निघाले. एअरपोर्टवर इराच्या गळ्यात त्यांनी ती शिट्टी घातली. मी मान पुढे करूनच उभा होतो, पण असो. मला म्हणाले, "कुत्र्याला जपा." लेकीला नाही, नातीला नाही. मी म्हणलं, म्हातारा हळवा झालाय.

एप्रिल आला. या वेळी डॅरेन, त्याचा भाऊ आणि मी, तिघंच. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. समोर कापलेल्या गव्हाचं रान, संपतच नव्हतं. डॅरेनने त्याची जादा बंदूक मला दिली. बिस्किट सुटला, नाक जमिनीला लावून इकडून तिकडे, आणि शंभर पावलांवर गपकन उभा. पाय वर, शेपूट सरळ. डॅरेनचा भाऊ हळूच म्हणाला, "ब्लडी हेल. लुक ॲट दॅट." डॅरेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही इज युअर्स, मेट. युअर बर्ड." मी सांगतो, तेवढा वेळ मी या देशाचा माणूस होतो.

मी मागून गेलो. बंदूक उचलली.

बिस्किटने मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. आणि रिव्हर्स घेतला. वळला नाही, पळाला नाही. तोंड पक्ष्याकडे ठेवून, मागचा पाय, मग पुढचा पाय, मागचा पाय, पुढचा पाय, असा सरळ रेषेत मागे मागे आला, माझ्या दोन्ही पायांच्या मधून मागे गेला आणि शहाण्यासारखा उभा राहिला. लावा उडाला. कोणीच मारला नाही, कारण डॅरेन आणि त्याचा भाऊ खाली बसून हसत होते. दिवसभर हेच. कुत्रा प्रत्येक पक्षी शोधायचा, आणि कोणीही बंदूक उचलली की रिव्हर्स. शेवटी डॅरेनचा भाऊ नुसती काठी उचलून बघायला लागला. तरी रिव्हर्स. संध्याकाळी डॅरेन म्हणाला, "नेक्स्ट इयर, मेट, यू डू द बार्बी." म्हणजे बंदूक त्यांची, शेगडी माझी.

वेअरहाऊसला आता मी नुसता चालत गेलो तरी पोरं तोंडाने बीप बीप करतात.

घरी आलो तर सीमाने "किती मारले" असं विचारलंच नाही. आधी खाली बसून बिस्किटला कान, पोट, पाय असं सगळीकडे चाचपलं. मग मला म्हणाली, "जेवलास का?" आणि इरा जिन्यावरून ओरडली, "बाबा, डिड ही रिव्हर्स?"

"तुला कसं माहीत?"

"आजोबा टोल्ड अस. इट वॉज अ सीक्रेट. मम्मा न्यू इट टू."

मी सीमाकडे बघितलं. ती म्हणाली, "पोळी गरम करू?"

म्हणजे बघा. माझं घर, माझा कुत्रा, माझा झाडू. माझ्याच चहावर बसून, माझ्याच बोळीत, माझ्याच विरुद्ध धडा चालू होता, आणि मी आत आलं किसत होतो. हसवणाऱ्या माणसाला सगळे हसतात याचं काही वाटत नाही, तो माझा धंदाच आहे. पण मनगट धरलं होतं हो त्या माणसाने. ते मला लागलं. रविवारी फलटणला व्हिडिओ कॉल असायचा, तेव्हा मी कचऱ्याचा बिन बाहेर काढायला जायला लागलो. आठवड्याला एकच बिन असतो, मी दोन-दोन तास काढायचो.

पण राग धरायला पण डोकं लागतं. हळूहळू मी मनात मामांना मोठं करत गेलो. म्हणलं, म्हाताऱ्याला दया आली असेल. एवढ्याशा पक्ष्याचा जीव. रंगीबरोबर इतके मारले, त्याचं पाप फेडत असेल. मग एका रविवारी सीमाने फोन सरळ माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. मामा ओट्यावर बसले होते, डोक्याला टॉवेल.

मी तयारीच केली होती. म्हणलं, "मामा, तुम्ही मला फसवलंत. पण मी समजू शकतो. तुम्हाला पक्ष्यांची दया आली."

"कुठल्या पक्ष्यांची?"

"लाव्यांची."

"आवं, लाव्याची चव तुम्हाला काय माहीत! कुणी आणून दिला तर आत्ता खाईन."

"मग माझी चार माणसांत अब्रू का घालवलीत?"

मामा ओट्यावर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "रंगी कशी गेली ते विचारत होता ना? थोरल्या मामांचे जावई आले होते शिकारीला. पक्षी उडाला डावीकडं. ह्यांची बंदूक निघाली उजवीकडनं. मधी रंगी." टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं. "तुमचा झाडू बघितला आणि मला तेच दिसलं."

माझ्या पायाशी बिस्किट मामांचा आवाज ऐकून उभा राहिला होता, एक पाय वर. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणलं, "मग मला सांगायचंत ना मामा. मला शिकवायचं. मी शिकलो असतो."

"जावईबापू," मामा म्हणाले, "विमान सुटायच्या आत एकालाच शिकवून होणार होतं. दोघांत जो हुशार होता त्याला घेतला."