नाल्याकाठी चालणारे अप्पा

अप्पा नाल्यात पडून जाणार, याची मला पक्की खात्री होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहायला बसले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. धारवाडला कोर्टात क्लार्क होते. सासूबाई गेल्यावर हुबळीला आमच्याकडे आले. मग हार्टला स्टेंट बसला आणि डॉक्टर म्हणाले, "रोज चालायचं. सपाट रस्त्यावर."

झालं! अप्पांना निमित्तच हवं होतं.

आमच्या घरामागून उणकल तळ्याचा नाला जातो. पूर्वी तिथून नाक दाबून जायचो. आता काठाने फरशा घातल्यात, सायकल ट्रॅक आहे, दिवे आहेत. वर गेलं की तळं, खाली गेलं की एकामागून एक छोट्या बागा. लोक फोटो काढायला येतात.

मला मात्र तिथे फक्त पडायच्या जागा दिसायच्या.

शेवाळलेली फरशी. एका ठिकाणी तुटलेलं रेलिंग. भरधाव सायकलवाले. कुत्री.

त्यात अप्पा फोन न्यायचे नाहीत. "खिसा ओढल्यासारखा होतो."

बरं, वर चाललात की खाली, हे विचारायचीही सोय नाही! आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. काम बिघडतं म्हणे. अप्पा या बाबतीत फार कडक. एकदा मी चुकून विचारलं, तर चप्पल काढून परत आत आले, पाणी प्यायले, खुर्चीत जरा टेकले आणि मग नव्याने निघाले.

मग मी आडून आडून काढून घ्यायची.

"अप्पा, तळ्याकडे वारं असेल. मफलर देऊ?"

"तळ्याकडे जातोय असं कोण म्हणालं?"

"मग बागेत बसणार? पेपर तरी न्या."

"आत जा की गं. पोळी करपतीय तुझी."

पोळी काही करपत नसायची.

नवरा कामाला बेंगळूरला. फोनवर म्हणायचा, "तू उगीच टेन्शन घेतेस."

उगीच! मन चिंती ते वैरी न चिंती, हे त्याला कोण सांगणार?

आणि एका सकाळी अप्पा आलेच नाहीत.

चहा गरम केला, निवला, परत गरम केला. माझी शाळेची वेळ होत आली. गॅलरीत जाऊन आले, गेटपर्यंत जाऊन आले. शेवटी तशीच घरच्या कपड्यांवर बाहेर पडले.

आता वर की खाली?

तुटलेलं रेलिंग वरच्या बाजूला होतं, म्हणून वर पळाले. नाल्याच्या पाण्यात बघत बघत. एक पांढरी पिशवी अडकलेली दिसली आणि मला तो अप्पांचा शर्टच वाटला. तळ्यापर्यंत गेले. अप्पा नाहीत. मागे फिरले, घर ओलांडलं, पहिली बाग, दुसरी बाग.

दुसऱ्या बागेपुढे गर्दी. सगळे वाकून खाली नाल्यात बघतायत.

देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही. लोकांना ढकलत पुढे घुसले.

खाली चिखलात म्हशीचं रेडकू रुतलेलं. दोघंजण त्याला दोरी लावून ओढत होते. आणि उतारावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, माझे हार्ट पेशंट सासरे!

"एळी! एळी!" म्हणून ओरडत होते. ओढा, ओढा.

"अप्पा!! कुठे होतात तुम्ही?"

सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. रेडकूसुद्धा.

अप्पा शांत. "परतणाऱ्या माणसाला विचारलेलं चालतं," म्हणाले. "पण जरा हळू. जनावर बुजतंय."

मी तिथेच भोकाड पसरलं. हायस्कूलची टीचर, रस्त्यात, गाऊनवर! शेजारच्या एक आजी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "अंजब्याडव्वा, अज्जार आराम अदार." घाबरू नको बाई, आजोबा बरे आहेत.

रेडकू निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कसलं कौतुक! मी अप्पांना हात घट्ट धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. अप्पा दारात चप्पल घालत होते. माझ्याकडे न बघता, चपलांना म्हणाले,

"चला रे. आज खालच्या अंगाला. तिसऱ्या बागेतून परत."

मी विचारलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलंही नव्हतं. नियम जागच्या जागी!

मग रोजच चपलांना पत्ता मिळायला लागला. मला काय हो आनंद झाला! पण भीती काही गेली नाही. ते परत येईपर्यंत माझा एक कान गेटकडेच असायचा.

आणि गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी, अप्पा म्हणाले, "आज चालणं नको वाटतंय. इथेच बसतो."

खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं! आज नाला नाही, रेलिंग नाही, कुत्री नाहीत. माणूस घरात, माझ्या डोळ्यांसमोर. खुशीत त्यांच्या आवडीचा सुसला केला, चुरमुरे भिजवून, वर भरपूर फुटाण्याची पूड घालून. गाणं गुणगुणत होते म्हणे मी. शेजारणीने नंतर सांगितलं.

बशी घेऊन बाहेर आले. अप्पा खुर्चीतच होते. पेपर मांडीवर, चष्मा डोळ्यांवर.

हाक मारली. परत मारली.

रोज सकाळी मी त्यांच्यासाठी घाबरायची. आणि ती एकच सकाळ मी निवांत होते.

आज पहाटे उठून त्या वाटेने एकटीच चालून आले. तळ्यापासून शेवटच्या बागेपर्यंत. शेवाळ तसंच आहे, सायकली तशाच अंगावर येतात. मला जराही भीती वाटली नाही.

कुणासाठी वाटायची?

अप्पा, तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.