आमचे ‘मस्त’ साडू

आमच्या साडूंइतका गर्दीला जीव लावणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. गर्दी दिसली की ती सारखी वाटून द्यायला त्यांचे हात शिवशिवत. लग्नात एका पंगतीत दाटी आणि दुसरी मोकळी, हे त्यांना बघवत नसे. नवरदेवाच्या मामालासुद्धा त्यांनी ताटावरून उठवून पलीकडे बसवलं होतं. दिग्रसच्या जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या एकाच वजनकाट्यावर खोळंबलेल्या पाहून ते बसमधून उतरले, आणि आम्ही बारशाला पोचलो ते पाळणा हलवून झाल्यावर. पेशाही तसाच लाभला. यवतमाळच्या एका कचेरीतले तीन सर्व्हर त्यांच्या हवाली होते. डोळे मिटून ते त्यांची घरघर ऐकत बसत. तेव्हा हाक मारली तर ओ दुसऱ्या दिवशी मिळे.

कापसाचे भाव पडले त्या वर्षी सरकारी केंद्रावरच्या विक्रीची नोंदणी त्याच सर्व्हरांवरून होती. नोंदणी नसली तर कापूस फाटकातूनच परत. ऐन मुदतीत लोकांना कोरं पान दिसू लागलं. ‘गर्दी फार,’ म्हणून साहेब मोकळे झाले. मी त्यांच्या घरून डबा घेऊन गेलो, तर साडू खिडकीबाहेर तरंगणाऱ्या कापसाकडे पाहत बसलेले. मग एकदम हसले; मेख सापडली होती. गर्दी वाटणारं यंत्र प्रत्येक सर्व्हरला विचारी, कसा आहेस? मधला तत्काळ म्हणे, मस्त! पण तो आलेलं काम न करताच परत धाडत होता, म्हणून कायम रिकामा दिसे, आणि रिकामा दिसे म्हणून यंत्र सगळ्यांना त्याच्याकडेच पाठवी.

“साहेब, कसा हायेस म्हणून इचारू नका, काम सांगून पाहा,” ते म्हणाले. “अन् बंद नका करू बिचाऱ्याले. थोडे दिवस लाइनीतून काढा.”

नोंदणी सुरळीत झाली.

गेल्या वर्षी माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, गेली. मी रोज फोन करी. “कसे आहात?” “मस्त!” घंटी पुरती वाजायच्या आत. सगळ्यांना हेच उत्तर, सगळे निर्धास्त. एके दिवशी मला तो मधला सर्व्हर आठवला. तडक यवतमाळची बस धरली.

“चहा करता का?” मी म्हटलं.

ते आत गेले ते आलेच नाहीत. जाऊन पाहतो तर कोरड्या पातेल्यापुढे उभे, हातात न पेटवलेली काडी.

“साडूभाऊ,” ते म्हणाले, “मले थोडे दिवस लाइनीतून काढा.”

 त्याच दिवशी त्यांना दिग्रसला आमच्या घरी आणलं.

आता ते आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात. कसे आहात विचारलं की बराच वेळ विचार करतात. परवा तर उत्तरच आलं नाही. मला फार बरं वाटलं.